उलटे आटे

दिवाळीची सुट्टी लागली की मास्तर माणसाने काय करावे? घरच्यांचे मत, भिंतींना चुना लावावा. प्रकाशकाचे मत, रखडलेली कादंबरी पुरी करावी. मी यंदा दोन्ही सोडून जीपच्या चाकांच्या रिमा निवडीत बसलो.

आमच्या धामणगावच्या घरी कडुलिंबाखाली 1965 सालची जीप उभी आहे. देश स्वतंत्र झाला त्याच 1947 साली महिंद्रांनी अमेरिकेतल्या विलीज जीपा सुट्या भागांत मागवायला सुरुवात केली. आमची जीप त्याच घराण्यातली. बाबांनी ती एका जिनवाल्याकडून जुनीच घेतली. कापसाची बोंदरी, सरकी, माहेरी आलेल्या लेकी, वाट न पाहणाऱ्या बाळंतिणी असे सगळे तिने वाहिले. आता बाबांनी ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांना अंधुक दिसते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “बापू, या गायगोधनाले मले जीपनं वावरात ने.”

एवढेच मागणे. पण चाकांकडे पाहिले तर रिमांचे पापुद्रे निघत होते. पावसाचे पाणी टायर आणि रिम यांच्या फटीत साचून लोखंड आतून खाल्ले होते. पाचही रिमा बदलायला हव्या होत्या.

पुण्याला शिकणाऱ्या चिरंजीवांनी फोनवर चित्र पाठवले: रुंद, चकचकीत, ॲलॉयच्या. खरे सांगतो, मलाही त्या आवडल्या. स्टेशनरोडने तशी गाडी निघाली तर विद्यार्थी वळून पाहतील, असा एक हलका विचार मनात आलाच. ते चित्र घेऊन मी दत्तापुरातल्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी चित्र पाहिले आणि हात पुसले. “गुरुजी, नवरीच्या पायात घुंगरं चांगले दिसते. पन हे तं आजीबाई हाय!”

मग त्यांनी मला धडा दिला. जीपची मूळ रिम सोळा इंची, रुंदी अवघी साडेचार इंच. टायर सहा इंची, अरुंद. रुंद रिम बाहेर काढून बसवली की चाकाचा भार बेअरिंगवर आडवा पडतो आणि खड्ड्यागणिक स्टिअरिंग हाताला झटके देते. आत घेऊन बसवली तर पूर्ण वळणावर टायर पाट्यांना घासतो. शिवाय आपल्या पांदणीचा काळा चिखल! अरुंद टायर तो कापून खालचा मुरूम गाठतो. रुंद टायर वरच्या वर फिरतो आणि परातीएवढे चिखलाचे थर अंगावर घेतो.

“मग त्या लढाईतल्या रिमा?” मी विचारले. एका भंगारवाल्याने दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची एक जोडी मला दाखवली होती. ती रिम दोन तुकड्यांची, आठ बोल्टांनी जोडलेली. टायरमधली हवा गेली तरी टायर रिमेवरून निसटू नये म्हणून केलेली. मिस्त्रींनी कानाला हात लावला. आत हवा असताना ते आठ बोल्ट कोणी अजाणता सैल केले तर रिमेचे तुकडे तोफगोळ्यासारखे उडतात. घरात पोरे असलेल्या माणसाने तो इतिहास पुस्तकातच वाचावा!

तेव्हा साध्या पोलादी रिमा ठरल्या. पण माप? जीपच्या चाकाला पाच छिद्रे, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. चार किंवा सहा असती तर समोरासमोरचे अंतर मोजले की झाले. पाचांत समोर कोणीच नसते! मी घरी वर्तुळ काढून पाहिले. शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर सव्वातीन इंचांहून केसभर कमी यायला हवे. लहानपणी गावात बंडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिले होते. लोखंडी कडे मुद्दाम लहान करीत, गोवऱ्यांच्या आरात लाल करून फुगवीत, चाकावर बसवून पाणी ओतीत, की ते आकसून लाकडाला घट्ट कवळी. तिथे माप मुद्दाम उणे ठेवायचे. इथे उणेही नको, अधिकही नको.

नागपूरहून रिमा आल्या. मिस्त्रींनी एकेक टांगून हातोडीने टिचकी मारली. खणखणीत वाजली ती चांगली, बद्द वाजली ती तडकलेली. मग जॅकवर गाडी उचलून नवे चाक फिरवले आणि म्हणाले, “गुरुजी, खडू असंन खिशात!” होताच. फिरत्या कडेजवळ त्यांनी तो स्थिर धरला. कड वाकडी असती तर एकाच जागी रेघ उमटली असती. सगळीकडे सारखी उमटली.

शेवटी त्यांनी जुनी स्टेपनी काढली आणि थबकले. गंज थोडा, पण पाचही छिद्रे लांबोळी झालेली. “हे चाक सैल नटांवर धावलं हाय. डाव्या बाजूचं असंन. कोनी नटं उलटे पिळले?”

मी गप्प राहिलो. आमच्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत. फिरत्या चाकाने नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. पंचवीस वर्षांपूर्वी, बाबा सांगत असताना न ऐकता, मी पंक्चरचे चाक बदलले. घट्ट करतो आहे असे समजून नट सैल करीत गेलो आणि आईला मागे बसवून वर्धा नदीच्या पुलावरून पुलगावपर्यंत गेलो. परतल्यावर चाक खडखडत होते. मी कोणाला काही बोललो नाही.

त्या रात्री बाबांजवळ बसून मी हे सांगितले. ते म्हणाले, “मी त्याच सांजेले पाह्यलं होतं. म्हनूनच तं ते चाक मांगं स्टेपनीले बांधलं, अन् नव्या चाकाले नटं आवळले.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तुले नवीन नोकरी लागली होती ना. पोराइले शिकवनाऱ्याले कोनी रागावते काय?”

गायगोधनाच्या सकाळी मी त्यांना हात धरून जीपपाशी नेले. डाव्या चाकापाशी ते खाली बसले आणि बोटांनी एकेक नट चाचपला. पाच. मग पान्यासाठी हात पुढे केला. मी पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नटावर बसवून माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, “आता तू आवळ. कोन्या बाजूनं, ते सांगू नोको मले. करून दाखव.”