चिलखताचा हिशेब

चिलखत हा शब्द ऐकतांच मनांत अभेद्यतेची कल्पना उभी राहते. महाभारताच्या द्रोणपर्वांत द्रोणाचार्यांनीं दुर्योधनाच्या अंगावर मंत्रून सुवर्णकवच चढविलें आणि त्यावर अर्जुनाचे बाण निष्फळ ठरूं लागले, ही कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. अर्जुनानें कवचाचा नाद सोडला आणि जेथें कवच पोंचत नव्हतें त्या हातांच्या तळव्यांवर बाण टाकले. दुर्योधन हतबल झाला. कवच खोटें नव्हतें. तें कशापासून रक्षण करतें आणि कशापासून करीत नाहीं, एवढाच काय तो प्रश्न होता. हाच प्रश्न आमच्यापुढें पुन्हां आला तो संगणकावरील लढाईच्या खेळांत, आणि त्याविषयीं आज चार शब्द लिहावेत असें योजिलें आहे.

खेळ म्हटला, आणि तो संगणकावरचा, कीं पुष्कळ घरांत वडील मंडळी नाक मुरडतात. आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. त्यांत थोरल्या बंधूंचा मुलगा चि. मुकुंद हा या खेळांचा मोठा व्यासंगी. हे खेळ ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ या नांवानें ओळखले जातात. खेळणारानें एक वीर निवडावयाचा, त्याला राक्षसांशीं लढवावयाचें, जिंकलेलीं शस्त्रें व चिलखतें त्याच्या अंगावर चढवावयाचीं आणि त्याचें सामर्थ्य वाढवीत न्यावयाचें, असा त्यांचा प्रकार. वीराचे प्राण आंकड्यांत मोजतात. प्रत्येक घावानें तो आंकडा घटतो, आणि शून्यावर आला कीं वीर संपला. रात्रीं जेवणें झाल्यावर मुकुंदाच्या शेजारीं खुर्ची टाकून बसण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला. आणि थोड्याच दिवसांत लक्षांत आलें कीं, यांत जितकी तलवार आहे तितकेंच त्रैराशिकही आहे.

प्रथम जुना खेळ घेऊं. २००० सालीं निघालेल्या ‘डायाब्लो २’ मध्यें बचावाचा आंकडा वाढला म्हणजे घाव हलका होत असेल, असें कोणासही वाटेल. वस्तुतः तेथें चिलखत घाव मुळींच सौम्य करीत नाहीं. घाव लागेल कीं चुकेल, एवढेंच तें ठरवितें. त्याचें गणित असें: हल्लेखोराच्या आक्रमणाच्या आंकड्यास तोच आंकडा अधिक आपला बचाव या बेरजेनें भागावें, त्याच्या पातळीस दोघांच्या पातळ्यांच्या बेरजेनें भागावें, आणि या दोहोंचा गुणाकार करून त्यास २०० नें गुणावें. जें येईल तितके घाव शेंकडा लागतात. दोन्ही बाजू सर्वस्वी समान असल्या तर शेंकडा ५० घाव लागतील. बचाव दुप्पट केला तर सुमारें ३३. परंतु कितीही केलें तरी हा आंकडा ५ च्या खालीं उतरत नाहीं, कीं ९५ च्या वर चढत नाहीं. अर्थात् कितीही उंची चिलखत घातलें तरी वीस घावांत सरासरी एक लागायचाच, आणि लागला तो पुरा लागायचा. मंत्रानें टाकलेला अग्नि किंवा वीज तर या बचावाला मुळींच जुमानीत नाहीं. आणखी एक गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटली. वीर धांवत असतां या बचावाचा त्याला कांहीं उपयोग होत नाहीं. चालत राहिला तरच होतो.

२०१२ सालच्या ‘डायाब्लो ३’ मध्यें पद्धति बदलली. येथें चिलखत प्रत्येक घावाचा कांहीं अंश गिळून टाकतें. चिलखताच्या आंकड्यास, तो आंकडा अधिक हल्लेखोराच्या पातळीची पन्नासपट या बेरजेनें भागलें म्हणजे तो अंश निघतो. साठाव्या पातळीचा राक्षस असेल तर ही पन्नासपट ३,००० होते. आतां चिलखत ३,००० असेल तर घावाचे शेंकडा ५० अडतात. ६,००० असेल तर सुमारें ६७. ९,००० असेल तर ७५. म्हणजे पहिल्या तीन हजारांनीं ५० मिळाले, दुसऱ्यांनीं १७, आणि तिसऱ्यांनीं अवघे ८. हे आंकडे पाहून पुष्कळ खेळणारे म्हणतात, ‘आतां चिलखतावर खर्च करण्यांत अर्थ नाहीं, फळ घटत चाललें.’

परंतु हा नजरेचा भ्रम आहे. मुकुंदानें कागदावर मांडून दाखविलें तें असें. वीराचे प्राण १०,००० धरा. शेंकडा ५० अडत असतील तर तो २०,००० चे घाव सोसून मगच पडेल. ६,००० चिलखतानें ३०,००० चे सोसील, आणि ९,००० नें ४०,००० चे. प्रत्येक तीन हजारांमागें बरोबर दहा हजारांची भर पडते; फळ तिळभरही घटलेलें नाहीं. आमच्या आत्याबाई शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, छपरानें किती पाऊस अडविला हें का कोणी मोजतें? घरांत किती गळलें तें मोजतात!” हिशेबाचें मर्म याहून थोडक्या शब्दांत सांगतां येणार नाहीं. गळती अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आली, मग चौथ्या हिश्श्यावर. पाहावयाचें तें एवढेंच.

हीच दृष्टि अग्नि, हिम व वीज यांविरुद्धच्या प्रतिकारास लावावी. न्यूझीलंडमधील ग्राइंडिंग गियर गेम्स या मंडळीनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ मध्यें या प्रतिकाराची सामान्य मर्यादा शेंकडा ७५ आहे. विशेष साधनांनीं ती ९० पर्यंत नेतां येते. पंचाहत्तराचे नव्वद झाले म्हणजे फक्त पंधराच वाढले असें वाटतें. पण शंभराच्या घावांतून पूर्वीं २५ आंत येत होते, ते आतां १० येतात. दुखापत निम्म्याहूनही कमी झाली. शेवटचे थोडे अंक मिळविण्यासाठीं खेळणारे जीवाचा आटापिटा कां करतात, तें यावरून उमजावें.

मात्र याच खेळांतील चिलखताचा स्वभाव अगदीं निराळा आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत शिकण्याजोगा. येथें चिलखताच्या आंकड्यास, तो आंकडा अधिक येणाऱ्या घावाची पांचपट या बेरजेनें भागतात. घाव स्वतःच भाजकांत येऊन बसला आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. चिलखत १०,००० चें असेल आणि घाव ५०० चा आला, तर शेंकडा ८० अडतात व अवघे १०० आंत येतात. घाव २,००० चा असला तर निम्मा, म्हणजे १,००० आंत. आणि १०,००० चा एकच तडाखा आला तर जेमतेम १७ टक्के अडतात. ८,३०० हून अधिक सरळ अंगावर येतात. बारीकसारीक घावांपुढें जें पर्वतासारखें अचल, तें मोठ्या घावापुढें कागदासारखें फाटतें. चिलखत तेंच, आंकडा तोच.

या गणिताची किंमत मुकुंदानें पुरेपूर मोजली. या खेळांत ‘हार्डकोर’ नांवाचा एक वर्ग आहे. त्यांत वीर एकदां मेला कीं त्या वर्गांतून कायमचा बाद होतो. २०२४ सालीं चार महिने, अभ्यास सांभाळून रोज तास-दीड तास खपून, त्यानें असा एक वीर सिद्ध केला होता. त्या रात्रीं आम्ही पाहत होतों. अर्धा तास क्षुद्र राक्षसांच्या झुंडी त्याच्यावर कोसळत होत्या आणि प्राणांचा आंकडा हलतही नव्हता. मग एक मोठा दैत्य आला, त्यानें हात उगारला, आणि एकाच तडाख्यांत सर्व आटोपलें. मुलगा ओरडला नाहीं, कीं कोणास दोष दिला नाहीं. थोडा वेळ स्तब्ध बसला, मग पेन्सिल घेतली, गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाला, “काका, मी चिलखत पाहत होतों, घाव कधीं पाहिलाच नाहीं.” वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडीं हें वाक्य ऐकून आम्हांस त्याचें कौतुक वाटलें, आणि थोडें वाईटही वाटलें.

म्हणूनच जाणते खेळाडू एकाच आवरणावर विसंबत नाहींत. याच खेळांत घाव चुकविण्याची एक शक्ति आहे, आणि ती निव्वळ दैवावर सोडलेली नाहीं. हल्लेखोराच्या यशाचा शेंकडा दर हल्ल्यागणिक खातीं जमा होतो. बेरीज शंभरास पोंचली कीं घाव लागतो व शंभर वजा होतात. त्यामुळें एकामागून एक घाव लागण्याची आपत्ति सहसा येत नाहीं. शिवाय ढालीनें अडविणें आहे. आणि प्राणांच्या पुढें उभें राहणारें, कांहीं काळ घाव न लागल्यास आपोआप भरून येणारें ‘एनर्जी शील्ड’ आहे. लहान घाव चिलखतानें जिरवावे, कांहीं चुकवावे, आणि जो मोठा चुकणार नाहीं त्यासाठीं प्राणांचा सांठाच मोठा ठेवावा, अशी ही रचना.

पण सर्व कांहीं अंगावर चढवावें म्हटलें तर तेंही चालत नाहीं. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या मंडळीच्या २०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’ मध्यें चिलखताला वजन आहे. वाहण्याच्या शक्तीच्या शेंकडा ३० हून कमी भार असला तर वीर चपळाईनें लोळण घेऊन घाव चुकवितो. ७० च्या आंत असला तर बरीच बरी. ७० वर गेला कीं लोळण जड व मंद होते. आणि १०० च्या वर गेला तर लोळण घेतांच येत नाहीं. त्या लोळणींत असे कांहीं क्षण असतात कीं तेव्हां कोणताही घाव लागत नाहीं. म्हणजे अति रक्षणाच्या हव्यासानें माणूस हालचाल गमावतो, आणि हालचाल हेंही एक रक्षणच आहे.

२०२५ च्या जानेवारींत एके रात्रीं मुकुंदानें सहज विचारलें, “काका, आपल्या घराचें चिलखत कोणत्या घावासाठीं आहे?” त्याच्या वडिलांस हृदयविकार आहे, हें सर्वांच्या मनांत होतें, बोललें कोणी नव्हतें. वहिनींनीं खर्चाची वही आणली, आम्हीं विम्याचे कागद काढले, आणि सर्वजण माजघरांत बसलों. दरमहाची औषधें, मुलांच्या शुल्काचे हप्ते, एखादें आजारपण, हे घाव अकरा माणसांच्या एकत्र घरांत कोणास जाणवतही नाहींत. चार मिळवते हात ते परस्पर जिरवितात. एकत्र कुटुंबाचें चिलखत तें हेंच, आणि तें खरोखर बळकट आहे. पण तें लहान घावांचें आहे. एका शस्त्रक्रियेचा आंकडा वहींत मांडतांच तें किती पुरतें तें दिसलें. म्हणून विम्याची रक्कम वाढविली आणि कोणीही हात लावूं नये असा एक ठेवा बँकेंत निराळा काढला. त्याच वेळीं एक भारी हप्त्याची योजना नाकारली. ती घेतली असती तर धाकट्या पुतणीच्या शिक्षणाची गति खुंटली असती. थोरले बंधू सर्व वेळ कांहीं बोलले नाहींत. उठतांना मात्र त्यांनीं मुकुंदाच्या पाठीवर हात ठेविला.

वाचकांच्या घरींही मुलें हे खेळ खेळत असतील. वेळेची शिस्त अवश्य लावावी. परंतु एखाद्या रात्रीं शेजारीं बसून ‘तुझें चिलखत कोणत्या घावासाठीं आहे?’ एवढें त्यांस विचारून पाहावें. उत्तर देतां देतां मूल गणित शिकेल, आणि ऐकतां ऐकतां वडील माणसांसही आपल्या घराचा हिशेब आठवेल.