रुळाविना गाव, रेल्वेचं घर

पुण्याहून नगर रस्त्याने खराडी मागे पडली की वाघोली लागते. वाघेश्वराचं मंदिर, पिलाजी जाधवरावांची समाधी आणि दगडाच्या खाणी ही या गावाची जुनी ओळख. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं आणि आता जिकडेतिकडे उंच इमारती दिसतात. रेल्वे मात्र इथे नाही. पुणे-दौंड मार्ग मुळा-मुठेच्या पलीकडून, मांजरी-लोणीवरून जातो. अशा गावात आमचे मामू रेल्वेतून निवृत्त होऊन राहायला आले, याचं आम्हाला नेहमी नवल वाटे. गेल्या रविवारी भेटायला गेलो तेव्हा विचारलंच.

"तेव्हा जागा स्वस्त होती बेटा," मामू हसले, "आणि दगड ओळखीचा होता."

मामूंची सारी नोकरी रुळांवर गेली. आधी गँगमन, मग कीमन. हातोडा, पाना आणि लाल-हिरव्या झेंड्या घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, सैल चाव्या ठोकायच्या. पावसाळ्यात रात्रीची गस्त. चहा झाल्यावर त्यांनी आम्हाला गल्लीच्या टोकाशी खडीच्या ढिगापाशी नेलं. एक काळा दगड उचलून म्हणाले, "रुळाखाली गोल गोटा चालत नाही, घरंगळतो. कोन असलेली खडीच लागते, 20 ते 65 मिलिमीटरची. ती एकमेकीत अडकून बसते, स्लीपर धरून ठेवते, गाडीचं वजन पसरवते, पाणी निथळू देते. गाडीतल्या माणसाचं तिच्याकडे लक्षही जात नाही."

जोहरची नमाज झाली, दस्तरखान अंथरला. मुमानींनी दालचा-चावल केलं होतं. रात्री वारा तिकडचा असला की गाडीचा भोंगा ऐकू येतो, असं मामू म्हणाले. "भोंगा यांच्या कानातच वाजतो!" मुमानी म्हणाल्या. सगळे हसले. आपा मात्र गप्प होत्या. दोन वर्षांपूर्वी दूल्हाभाईंचा इंतकाल झाला आणि त्या लेकराला घेऊन माहेरी आल्या. शिलाईवर चार पैसे मिळतात, पण घर चालतं ते मामूंच्या पेन्शनवर.

आपा आत गेल्यावर मामू हळूच म्हणाले, "आम्ही दोघं आहोत तोवर ठीक. पुढे हिचं कसं? लग्न करून दिलेल्या मुलीला रेल्वे काय देणार?"

आम्ही सांगितलं, देते. निवृत्त कर्मचारी आणि त्याची पत्नी यांच्या पश्चात, इतर पात्र मुलांचा हक्क नसेल, तर विधवा मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मात्र आईवडिलांपैकी कुणी हयात असतानाच तिला वैधव्य आलेलं असावं, तिची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत असावी आणि तिचा दुसरा निकाह झालेला नसावा. घटस्फोटित मुलीसाठीही अशीच तरतूद आहे. आपल्या कितीतरी घरांना हे ठाऊक नसतं. वडिलांनी हयातीतच मुलीचं नाव कुटुंबाच्या तपशिलात नोंदवून ठेवलं, तर पुढची धावपळ वाचते.

मामूंनी पत्र्याची पेटी उघडली. पेन्शनचा कागद, आपांच्या जन्माचा दाखला आणि दूल्हाभाईंच्या मृत्यूचा दाखला एकत्र केला. आम्ही अर्ज लिहिला. मामूंनी तो दोनदा वाचला आणि सावकाश सही केली. मुमानींनी डोळ्यांना पदर लावला.

निघताना मामू म्हणाले, "उद्या सकाळीच कार्यालयात जातो." दारात नातू उभा होता, नानांची जुनी हिरवी झेंडी हलवत.