गोंदाची परीक्षा

आमच्या वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये सरसाचा डबा असे. मोठ्या डब्यात पाणी, त्या पाण्यात दुसरा लहान डबा आणि त्यात जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेल्या सरसाच्या तपकिरी वड्या मंद आचेवर विरघळत ठेवलेल्या. तो दर्प ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून काही उपयोग नाही. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले, तरी वसईच्या आमच्या वाडीत त्याचा शिरकाव व्हायला बरीच वर्षे जावी लागली. वडिलांना त्या पांढऱ्या गोंदाचा भरवसा नव्हता. ज्याला वास नाही त्याला जोर कुठला, असा त्यांचा प्रश्न असे. पुढे त्यांनीही तो स्वीकारला, पण सरसाचा डबा मात्र शेवटपर्यंत खुंटीवर राहिला.

ही पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे की, सुताराच्या घरात जन्मलो एवढ्या भांडवलावर आम्हाला गोंदातले सगळे कळते असा आमचा समज होता. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून आम्ही निवृत्त झालो, पण तो समज काही निवृत्त झाला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तो उतरला, आणि त्याची किंमत आमच्या नातवाला मोजावी लागली.

आमचे चिरंजीव दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटे या गावी राहतात. समुद्रकाठचे हे गाव लाटांवर स्वार होण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध आहे. सर्फबोर्ड घडवणाऱ्या कारागिरांची तेथे एक वस्तीच आहे. आम्ही सौभाग्यवतींसह तेथे पोहोचलो तेव्हा सोळा वर्षांच्या नातवाने गॅरेजमध्ये एक पांढराशुभ्र ठोकळा मांडून ठेवला होता. त्याला ते लोक ब्लँक म्हणतात. पाथरवटापुढे जसा दगड, तसा बोर्ड घडवणाऱ्यापुढे हा फोमचा ठोकळा. शेजाऱ्यांची हिरवळ कापून जमवलेल्या पैशांतून त्याने तो आणला होता. ठोकळा मधोमध उभा चिरायचा, दोन्ही अर्धुकांच्या मध्ये लाकडाची पातळ पट्टी बसवायची आणि सगळे पुन्हा चिकटवून एक करायचे, असा त्याचा बेत होता. त्या पट्टीला स्ट्रिंगर म्हणतात. पाठीच्या कण्याचे काम ती करते. तिच्यामुळे बोर्डाला ताठपणा येतो आणि त्याचा पुढून-मागून उचललेला बाक टिकून राहतो.

"आजोबा, गोंद कोणता घेऊ?" त्याने आम्हाला विचारले.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, जरा चौकशी करून मग ठरवू या."

आम्हाला त्या 'चौकशी' शब्दाचा राग आला. सुताराच्या मुलाने गोंदाची चौकशी करायची? गॅरेजच्या फडताळात पिवळट, पेट्रोलसारख्या वासाच्या गोंदाचा डबा होता. सनमायका चिकटवायला, चपलेचे तळ बसवायला आपल्याकडे वापरतात त्याच जातीचा. त्याला वास होता. आम्ही म्हणालो, "हाच." डब्यावर बारीक अक्षरांत काही सूचना होत्या, त्या वाचण्यासाठी चष्मा आणायला आम्ही आत गेलो नाही.

नातवाने दोन्ही कडांना तो गोंद फासला आणि आम्ही घड्याळ लावून थांबलो. मिनिटभरातच मीठ पडलेल्या गोगलगायीसारखा तो फोम आकसू लागला. कडा आत सरकल्या, खड्डे पडले, काही ठिकाणी दोन बोटे जातील एवढ्या खळग्या झाल्या. नातू काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. त्याने चिंधीने पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा चिंधीबरोबर फोमचा चिकट लगदाच निघून आला. रात्री जेवणाच्या वेळी आम्ही इंग्रजीत 'सॉरी' म्हणालो. मराठीत आम्हाला ते म्हणवेना. का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव आम्हा दोघांना एका वृद्ध कारागिराकडे घेऊन गेले. त्यांच्या शेडमध्ये शिरताच पांढऱ्या भुशात पाय रुतले, आणि आम्हाला वडिलांच्या शेडची आठवण झाली. तेवढा लाकडाचा सुवास मात्र नव्हता. त्यांनी ठोकळ्याचा एक तुकडा हातात घेतला, नखाने एक मणी काढला आणि हसले. हा विस्तारित पॉलिस्टायरीनचा फोम होता. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यांत आपल्याकडे येतो तोच थर्माकोल, फक्त अधिक घट्ट. टोल्युइन, ॲसिटोन असल्या द्रावकांत तो विरघळतो, आणि आमच्या पिवळ्या गोंदात तसलीच द्रावके होती. दुसऱ्या जातीचा फोम पॉलियुरेथेनचा. तो अशा गोष्टींना सहज दाद देत नाही. ठोकळा कोणत्या जातीचा हे आधी ओळखायचे आणि गोंदाचा विचार त्यानंतर करायचा, एवढे ज्ञान आम्हाला पंचाहत्तरीत मिळाले.

त्यांच्या बोलण्यातून या धंद्याचा इतिहासही उलगडत गेला. हवाई बेटांवर मूळ फळ्या अखंड लाकडाच्या असत, तेव्हा गोंदाचा प्रश्नच नव्हता. मग बाल्साच्या पट्ट्या जोडून बोर्ड होऊ लागले. बॉब सिमन्स या कल्पक माणसाने १९४०-५० च्या सुमारास पॉलिस्टायरीनचा गाभा वापरून पाहिला, पण काचतंतूंवर ओतायचे पॉलिएस्टर रेझिन त्या फोमला खाऊन टाकी. त्या रेझिनमध्ये स्टायरीन असते, म्हणजे फोमचा सख्खा भाऊच म्हणा. म्हणून त्याने गाभ्याभोवती प्लायवूड आणि बाल्साचे कवच केले. १९५८ च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा मार्ग काढला, आणि १९६१ पासून क्लार्क यांचा स्वतंत्र कारखाना चालू लागला. अमेरिकेतले बहुतेक ठोकळे तेथूनच येत. ५ डिसेंबर २००५ रोजी मालकांनी तो एकाएकी बंद केला. तो सोमवार होता, आणि त्या दिवसाबद्दल सांगताना म्हातारबुवांचा आवाज घरातले कोणी गेल्यासारखा झाला. त्यानंतर पुष्कळांना पॉलिस्टायरीन आणि इपॉक्सीकडे वळावे लागले.

गोंद कोणता, याचे उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. "तुकड्यांवर करून बघा आणि तोडून बघा," एवढेच म्हणाले.

आम्ही तीन गोंदांनी फोमचे तुकडे जोडून रात्रभर ठेवले. परीक्षा साधी होती. जोड तोडताना फोम फाटला पाहिजे, गोंद सुटता कामा नये. सुताराचा पांढरा गोंद पाणी उडून वाळतो. लाकूड ते पाणी पिऊन घेते, फोम पीत नाही. त्यामुळे फोमला फोम जोडला होता तेथे कडा वाळल्या, पण सकाळी तुकडे ओढताच मधला गोंद दह्यासारखा ओलाच निघाला. वडील असते तर आम्हाला काय म्हणाले असते ते येथे लिहिण्यासारखे नाही. दोन घटकांच्या इपॉक्सीचा जोड पक्का होता, फोमच फाटला. पण पॉलिश पेपरने घासू लागलो तर दोन्ही बाजूंचा मऊ फोम झिजे आणि मधली गोंदाची रेघ वरंब्यासारखी उभी राही. त्यात पोकळ काचमण्यांची भुकटी कालवली तर ती रेघ घासायला सोपी जाते, हे नंतर कळले. तिसरा पॉलियुरेथेन गोंद. हा ओलाव्यावर पकडतो आणि पकडताना फेसाळून फुगतो. येथेही फोमच फाटला, आणि बाहेर आलेला फेस पेपरखाली सहज झिजला. त्याचा दोष एकच: फुगताना तो जोड ढकलतो. आवळून धरला नाही तर फट वाढते, आणि फटीत भरलेला फेस दिसायला भरीव असला तरी त्यात बळ फारसे नसते.

नातवाने तिसरा निवडला. आम्हाला विचारले नाही, आणि ते योग्यच होते.

खाल्लेल्या कडा कापून टाकल्यावर ठोकळा अरुंद झाला. तेव्हा आमच्या खिशातून त्याच घनतेच्या फोमची एक पट्टी आणली. दोन्ही अर्धुकांच्या मध्ये ती, आणि तिच्या दोन्ही अंगांना सीडर लाकडाच्या पातळ पट्ट्या. दोन जोडांच्या जागी चार जोड आले. बाक सगळीकडे सारखा यावा म्हणून आम्ही प्लायवूडचे दोन साचे कापले. ते काम मात्र आमच्या हाताला येत होते. साच्यांवरून तापलेली तार फिरवून नातवाने पट्टी काढली, आणि तारेने आलेली चकाकी पेपरने हलकेच उतरवली. लाकूड ओल्या फडक्याने पुसले, गोंद पातळ पसरला. शिकंजे लावले असते तर फोम दबला असता, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या. वडील गोल पायाच्या खुर्च्या अशाच आवळीत. चिरंजिवांनी हे लहानपणी पाहिलेले होते. ते काही न बोलता पुढे झाले आणि ट्यूबचे दुसरे टोक ओढून धरले. इंजिनिअर झाल्यापासून त्या शेडबद्दल ते आमच्याशी कधी बोलले नव्हते, आणि ती शेड आम्ही विकली तेव्हाही त्यांनी फोनवर फक्त 'बरं' म्हटले होते. त्या दिवशी ट्यूब ओढता ओढता त्यांनी विचारले, "बाबा, आजोबांचा रंधा कुठे आहे?" रंधा आमच्या कपाटात आहे, हे आम्ही सांगितले. मग पुष्कळ वेळ दोघेही ट्यूबच ओढत राहिलो.

कोणी म्हणेल, येथे खरा गोंद वेगळाच होता. आम्ही सुताराचे पोर, गोंदाला गोंदच म्हणतो. तो पॉलियुरेथेनचा होता, आणि हातमोजे न घातल्यामुळे आमच्या बोटांवर त्याचे काळपट डाग आठवडाभर राहिले.

चार जोडांपैकी तिसऱ्यात शेपटाकडे केसाएवढी फट राहिली. ती आमच्या बाजूची होती. नातवाने इपॉक्सी आणि काचमण्यांची लांबी करून ती भरली. वरून काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी चढवले. पॉलिएस्टरचा डबा त्याने गॅरेजमध्येही येऊ दिला नाही. ऑगस्टच्या अखेरीस सॅन ओनोफ्रेच्या किनाऱ्यावर, जेथे लाटा लांब आणि सौम्य येतात, तो बोर्ड घेऊन नातू पाण्यात उतरला. आम्ही वाळूत बसलो होतो. पहिल्या तीन लाटांवर तो पडला, बोर्ड एकदा दुसऱ्या कोणाच्या बोर्डावर आदळलाही. चौथ्या लाटेवर तो उभा राहिला आणि बराच दूरवर आला. सीडरच्या दोन तांबूस रेघा उन्हात काठावरूनही दिसत होत्या. बाहेर आल्यावर त्याने आधी बोर्ड उलटा केला आणि तिसऱ्या जोडावरून अंगठा फिरवला.

"आजोबा, धरलंय," तो म्हणाला.

परत येताना त्याने आम्हाला परीक्षेतला एक तुकडा दिला, पॉलियुरेथेन गोंदाने जोडलेला आणि न तोडलेला. वसईत आमच्या टेबलावर तो कागदांवर वजन म्हणून ठेवलेला आहे. फोमचाच असल्यामुळे पंखा लावला की कागदांच्या आधी तोच उडतो, आणि सौभाग्यवती तो पलंगाखालून काढून आणून पुन्हा तेथेच ठेवतात.