बोगनवेल

आमच्या नोएडातल्या सोसायटीत मे महिन्यात मुलांची स्पेलिंगची स्पर्धा असते. बाहेर लू, आत कूलरची घरघर आणि टेबलावर एक पितळी घंटी. स्पेलिंग चुकलं की ती वाजते. माझा मुलगा केव्हाच शिकूनसवरून बंगळुरूला गेला, तरी मी दरवर्षी जाऊन बसतो.

यंदा एक दहाएक वर्षांची मुलगी माइकपुढे उभी होती. शब्द कानावर पडताच तिने डोळे मिटले आणि तळहातावर बोटाने अक्षरं गिरवू लागली. सभागृह चिडीचूप. दिल्लीकडच्या माणसांना इतकं गप्प बसलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पुढच्या रांगेतल्या आयांचे ओठ नुसतेच हलत होते. माझ्या शेजारच्या पंजाबी आजींना इंग्रजीचं अक्षर येत नाही, त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “देखो, सोच रही है!”

मला वाटतं, आम्ही सगळे तेवढ्यासाठीच येतो. विचार करणारं माणूस असं समोर, उघड्यावर कुठे दिसतं? आमच्या शाळेत शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की गुरुजी तो शब्द दहादा लिहायला लावत. ते बघायला कोण येणार होतं!

अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा 1925 पासूनची. 2019 मध्ये तिथे आठ मुलं विजेती ठरली; त्यांना अडवतील असे शब्दच आयोजकांकडे उरले नव्हते. आठांत सात भारतीय वंशाची, आणि त्यांत एक आडनाव सुखटणकर! इकडे आमची कॉलर उगाचच ताठ. पण खरं सांगायचं तर ते आठ विजय माझ्या डोळ्यांपुढे राहिले नाहीत. राहिला तो 2025 च्या अंतिम फेरीतला फैजान झाकी. उरलेले दोघं चुकलेले, जिंकायला फक्त अचूक शब्द हवा. त्याने अर्थ विचारला नाही की मूळ भाषा विचारली नाही. घाईघाईत ‘कॉमेलिना’ची सुरुवात ‘के’ने केली आणि स्वतःच हबकला. पुढे तो जिंकला, तरी मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतो तो त्या हबकण्याचा. घंटीची वाट आपणही बघत असतो, हे कबूल करायला जरा लाज वाटते.

त्या मुलीला आलेला शब्द होता ‘बूगनव्हिलिया’. 2019 च्या आठांपैकी एकाचा शेवटचा शब्दही हाच. एका फ्रेंच दर्यावर्दीचं हे नाव. मराठीने त्याच्या शेपटाची सरळ ‘वेल’ करून टाकली आणि ते कुंपणावर चढवलं. आमच्या गेटपाशीही ती लालभडक फुललेली असते.

मुलीने डोळे उघडले, एकेक अक्षर सावकाश म्हटलं. घंटी वाजली. आजींनी तोंडावर हात घेतला. मुलगी “थँक यू” म्हणून खाली उतरली आणि आईच्या कुशीत शिरली.

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. त्या शब्दात ‘एल’ दोन आहेत. खुर्चीत बसून मनातल्या मनात मीही एकच घातला होता.