नक्कल, चूक आणि निवड

हबीबगंज, भोपाळ
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. मधुरा,


तुझं पत्र मिळालं. दहावीच्या वर्गात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकवताना एका मुलीनं विचारलेला प्रश्न तू जसाच्या तसा लिहून पाठवलास, फार बरं केलंस. ताऱ्यांची उत्क्रांती होते, रसायनांची होते, जीवांचीही होते. मग हे सगळं एकाच नियमानं चालतं का? माझी सगळी नोकरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार क्वचित ऐकायला मिळाला. फोनवर बोलून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. घटनाक्रम एकच आहे, सलग आहे. ताऱ्यांशिवाय रसायनं नाहीत आणि रसायनांशिवाय जीव नाही. पण नियम मात्र तिन्हीकडे एक नाही. वाटेत एका ठिकाणी एक अगदी नवीन गोष्ट सुरू होते. ती कुठे सुरू होते हे त्या मुलीला दाखवता आलं, तर तिला उत्क्रांती कळली असं समज.

सुरुवातीसाठी १९५३ हे साल धर. त्या एका वर्षात तिन्ही शास्त्रांत एकेक मोठं काम झालं. फ्रेड हॉईल कॅलिफोर्नियात गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेतल्या लोकांना म्हणाले, कार्बनच्या अणुगर्भाला एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, ती शोधा. ताऱ्यांच्या पोटात हेलियमचे तीन अणुगर्भ जुळून कार्बन तयार होतो, आणि ती पातळी नसती तर विश्वात कार्बन नावालाच उरला असता, असं त्यांचं गणित होतं. शोधलं, तर पातळी जवळजवळ त्यांनी सांगितली होती तिथेच सापडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. आणि मे महिन्यात स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याचा प्रयोग छापून आला. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या भांड्यात फिरवत ठेवून त्यानं त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या होत्या, आणि त्यातून प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं मिळाली होती. कार्बन कसा घडतो, कार्बनची संयुगं कशी घडतात, आणि त्यांतलं एक संयुग स्वतःची प्रत कशी काढू शकतं, या तीन प्रश्नांना एकाच वर्षी वाट सापडली.

आता ताऱ्यांकडे बघ. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाची सुरुवात झाली तेव्हा हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम एवढाच माल होता. बाकी जवळजवळ सगळं ताऱ्यांनी रांधलं. ते कसं, याचा सविस्तर हिशेब बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉईल यांनी १९५७ मध्ये मांडला. पण तारा कसा बदलेल हे जवळजवळ पूर्णपणे त्याच्या जन्माच्या वेळच्या वस्तुमानावर ठरतं. सूर्याला साधारण १००० कोटी वर्षं मिळाली आहेत. त्याच्या दहापट वजनाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत इंधन उधळून मोकळा होतो. गाभ्यात लोखंड साठलं की पुढच्या जुळणीतून ऊर्जा मिळत नाही, गाभा कोसळतो आणि तारा फुटतो. त्याची राख पसरते, तिच्यातून नवे तारे आणि ग्रह होतात. म्हणजे नव्या ताऱ्याला जुन्याकडून माल मिळतो, पण सूचना मिळत नाहीत. कुठलाही तारा आपल्यासारखा दुसरा तारा काढत नाही. एक तारा दुसऱ्यापेक्षा जास्त टिकला, तर तो वजनानं हलका होता म्हणून टिकला. त्याचा हा गुण पुढच्या पिढीत वाढला असं होत नाही.

रसायनांच्या पहिल्या टप्प्यातही तसंच. मिलरच्या भांड्यात जे झालं ते अवकाशातही होतं. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत अमिनो आम्लं सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून यानानं आणलेल्या मातीचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये आले. जीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ तिच्यात आहेत आणि डीएनए-आरएनएमधले पाचही नायट्रोजनी घटक आहेत. तिथे कुणी जीव नव्हता. ही रसायनशास्त्राची नेहमीची वागणूक आहे: परिस्थिती मिळाली की जे रेणू बनू शकतात ते बनतात, टिकाऊ असतात ते उरतात.

नवी गोष्ट सुरू होते ती नक्कल करणाऱ्या रेणूपाशी. यासाठी मुलांना सोल स्पीगेलमन यांचा १९६७ चा प्रयोग सांग. मला तो डार्विनच्या बेटांवरच्या पक्ष्यांइतकाच मोलाचा वाटतो. त्यांनी जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूचा आरएनए घेतला. परीक्षानळीत त्याच्या प्रती काढणारं विकर आणि कच्चा माल टाकला. थोड्या वेळानं त्यातला थेंब दुसऱ्या नळीत, त्यातला थेंब तिसऱ्या नळीत, असं करत गेले. आणि मधली मुदत टप्प्याटप्प्यानं कमी करत नेली. मग काय होणार? ज्याची प्रत लवकर निघते तोच पुढच्या नळीत जास्त पोचणार. प्रत काढताना चुका होतातच. कुठे तुकडा गळतो, कुठे अक्षर बदलतं. विषाणू म्हणून जगण्यासाठी लागणारे तुकडे इथे निरुपयोगी होते, ते गळलेले रेणू भराभर वाढले. ७४ व्या नळीपर्यंत मूळ रेणूचा ८३ टक्के भाग नाहीसा झाला होता. नळीत एकही पेशी नव्हती, कुणाची इच्छा नव्हती, योजना नव्हती. नक्कल, नकलेतली चूक आणि परिस्थितीनं केलेली निवड, एवढ्या तीन गोष्टी होत्या, आणि तेवढ्या पुरल्या.

फळ्यावर हे तीन शब्द लिही आणि मुलांनाच विचार: ताऱ्यात यांतलं काय आहे? अशनीतल्या अमिनो आम्लात काय आहे? मुलं स्वतःच सीमारेषा आखतील. पृथ्वीवर हा पहिला नक्कल करणारा रेणू नेमका कसा जमला, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही; तेही त्यांना तसंच सांग. प्रश्न उघडा आहे म्हटलं की हुशार मुलं जास्त जवळ येतात.

आणि एक पथ्य पाळ. परवा इथे एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते तारे, रेणू, जीव, माणूस अशी चढत जाणारी शिडी काढून म्हणाले की विश्वाची वाटचाल पहिल्यापासून माणसाकडेच होती. टाळ्याही पडल्या. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. स्पीगेलमनच्या नळीत रेणू गुंतागुंतीचा झाला नाही, उलट आखूड झाला. निवडीला वर-खाली कळत नाही, त्या वेळचं आणि त्या जागेचं कळतं. मुलांना शिडी शिकवली की ती माणसामाणसांतही पायऱ्या शोधू लागतात. इतिहासात ते होऊन गेलं आहे, आणि त्यानं फार नुकसान केलं आहे.

हे सगळं प्रत्यक्ष दाखवायला मुलांना घेऊन सुट्टीत इकडेच ये. स्टेशनाचं नाव २०२१ मध्ये रानी कमलापती झालं, पण रिक्षावाल्याला हबीबगंज म्हटलं तरी तो बरोबर आणतो. इथून इटारसीच्या बाजूला चाळीसेक किलोमीटरवर भीमबेटका, खडकांतल्या गुहा आणि त्यांतली प्राचीन चित्रं. नीमचला जन्मलेल्या, उज्जैनच्या विष्णू श्रीधर वाकणकरांना १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना या खडकांचे आकार दिसले आणि ते तिथे पोचले. एक मराठी चित्रकार खिडकीतून बाहेर बघत होता, म्हणून जगाला ही चित्रं कळली. २००३ पासून भीमबेटका जागतिक वारसास्थळ आहे.

तिथे मुलांना आधी चित्रं दाखवू नकोस. वालुकाश्म भिंगाखाली धरायला लाव. त्यातला जवळजवळ प्रत्येक कण क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. दोन्ही मोठ्या ताऱ्यांत घडलेले. काही खडकांवर पाण्याच्या लाटांच्या बारीक वळ्या अजून शाबूत आहेत. त्या पाण्याकाठी तेव्हा एकही झाड नव्हतं, एकही चार पायांचा प्राणी नव्हता. मग गेरूनं काढलेले प्राणी दाखव. गेरूचा तांबडेपणा लोखंडाचा आणि ते काढणाऱ्याच्या रक्ताचाही लोखंडाचाच. ताऱ्यांच्या स्फोटांत तयार झालेलं तेच मूलद्रव्य एकीकडे नुसतं गंजून बसलं होतं, दुसरीकडे नक्कल-चूक-निवडीतून घडलेल्या हातात प्राणवायू पोचवत होतं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एका भिंतीवर मिळेल.

याच विंध्य खडकांनी दोन गोष्टी शिकवल्या आहेत, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. या खडकांत रफत जमाल आझमी यांना बारीक जीवाश्म सापडल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. खडकाचं ठरलेलं वय आणि ते जीवाश्म यांचा मेळ बसेना, त्यांच्यावर संशय घेतला गेला. पुढे स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटानं चित्रकूटला जाऊन नमुने घेतले. जीवाश्म खरे निघाले आणि खडक सुमारे १६० कोटी वर्षांचे. २०१७ मध्ये त्यांतला एक लाल शैवालासारखा जीव म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याचं नाव ठेवलं रफताझ्मिया चित्रकूटेन्सिस. दुसरी गोष्ट भीमबेटक्याचीच. तिथल्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या प्राचीन प्राण्याचा ठसा मिळाला असं २०२१ मध्ये जाहीर झालं. दुसऱ्या गटानं पुन्हा जाऊन पाहिलं, तर तो ‘ठसा’ झडत चालला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. पहिल्या गटाच्या प्रमुखांनी ते मान्यही केलं. एकदा संशय चुकला, एकदा दावा चुकला, आणि दोन्ही वेळा निर्णय झाला तो पुन्हा खडकापाशी जाऊन.

असं पुराव्यापाशी जाण्याचं आणखी एक उदाहरण आहे. जीव अंतराळातून आले, असं हॉईल यांचं मत होतं. त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा करायचा मार्ग धरला. २००५ च्या फेरीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, त्यांतल्या एकीला हॉईल यांचं नाव दिलं. ते जिवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असं यातून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितलं गेलं. गुरूबद्दल प्रेम आणि पुराव्याबद्दल इमान एकत्र राहू शकतं, हे मुलांना नारळीकरांच्या या कामातून दाखव.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्धच्या पत्रावर सह्या केल्या, तेव्हा मला थोडा धीर आला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांना मग ते पुन्हा कधीच भेटत नाही. तुझ्या पुस्तकात तो धडा आहे, तर घाईनं उरकू नकोस. परीक्षेत त्याला किती गुण, याचा विचार न करता त्याला वेळ दे.

त्या मुलीला माझ्याकडून सांग: तारे बदलतात ते त्यांच्या वजनानं, रेणू बनतात ते परिस्थितीनं, आणि जीव बदलतात ते पूर्वजांकडून आलेल्या प्रतीत झालेल्या चुकांनी आणि त्यांतून होणाऱ्या निवडीनं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी सुरू व्हायला पहिल्या दोन लागल्या. यापुढचा प्रश्न तिनं स्वतः काढावा आणि मला लिहून पाठवावा.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. तारखा ठरल्या की लगेच कळव, म्हणजे मुलांची राहायची सोय बघते.

तुझी,
आत्या