सेक्टरची पेठ व्हावी

कोल्हापूरच्या पोराची खरी ओळख घराच्या पत्त्यावरून पटत नाही, तालमीवरून पटते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं फुटबॉल संघांची आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही चटकन खरं वाटत नाही. राजर्षी शाहूंच्या आश्रयानं पेठेपेठेत कुस्तीच्या तालमी घुमू लागल्या. लाल मातीत अंग रगडणाऱ्या त्या पोरांच्या पायाशी पुढे चेंडू आला आणि तालमींनीच आपापले संघ उभे केले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आजही हंगाम सुरू झाला, की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा, बाप आणि नातू एकाच रंगाखाली बसतात. मंगळवार पेठेची गाठ शिवाजी पेठेशी असली, की दुपारपासून शहरात दुसरा विषय नसतो.

ही ईर्षा कधी हाणामारीवर जाते, दगडही पडतात. त्याचं कौतुक मला मुळीच नाही. पण तीच तालीम पेठेचा गणपती बसवते, शिवजयंती करते. २०१९ च्या महापुरात पंचगंगा घराघरात शिरली, तेव्हा तालमींची पोरं मदतीला पाण्यात उतरली होती. मैदानावर एकमेकांना पास देणारे पाय अडचणीच्या वेळी एकाच दिशेनं धावतात, हे त्या शहरानं पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नवी मुंबईत राहताना मला या तालमी फार आठवतात. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं आणि आपल्या वाट्याला सेक्टरचे आकडे आले. आकड्यावर जीव कसा जडावा? पारसिकच्या डोंगरावरून पाऊस उतरत असतो, मैदानात घोटाभर चिखल असतो, आणि त्यात जी मुलं चेंडूमागे धावतात त्यांची घरं पाहा. एकाचा बाप बाजार समितीत माथाडी, मूळ साताऱ्याचा. दुसरा करावे गावचा आगरी. तिसऱ्याच्या घरी मल्याळम, चौथ्याच्या घरी बंगाली. प्रत्येक घराचं गाव वेगळं आणि फुटबॉलही वेगळा: कुणाचा ईस्ट बंगाल, कुणाचा कोझिकोडचा, कुणाचा मडगावचा. या सगळ्यांचं मिळून एक गाव व्हायचं, तर ते त्या चिखलातच होईल. तिथला छोटासा क्लब, एक शिट्टी, एका पोत्यात मावणारे चेंडू आणि नोकरीवरून थेट मैदानावर येणारा एखादा प्रशिक्षक, हीच या शहराची पहिली तालीम आहे असं मी मनापासून मानतो.

मोठा फुटबॉल आपण पाहिला आहे. नेरूळच्या स्टेडियमला नाव आहे ते कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटलांचं. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथं सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेननं मालीला ३-१ असं हरवलं. त्या स्पर्धेतल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पण भारताचे सामने दिल्लीला झाले. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी इथंच स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० नं नमवून आपल्या वयोगटाचा विश्वचषक उचलला. ते दिवे, ते हिरवंगार मैदान डोळ्यांत साठवून मुलं घरी गेली. घरी गेल्यावर मात्र त्यांना सोसायटीच्या फाटकावर पाटी दिसते: चेंडू खेळण्यास सक्त मनाई.

ही पाटी मला असह्य होते. स्टेडियम शहराला पाहुणे देतं, क्लब शहराला माणसं देतो. खेळता खेळता बारा वर्षांच्या मुलाला शेजारच्या इमारतीतल्या मुलाचं नाव कळतं, त्याच्या आजीचं दुखणं कळतं, आणि तो मोठा झाल्यावर रात्री-अपरात्री हाक मारायला शहरात एक माणूस असतो. मुलींना तर ही सोबत अजून फारशी मिळतच नाही. संध्याकाळचं मैदान बहुतेक वेळा मुलगेच अडवून बसतात.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्या सेक्टरच्या पोरांची मॅच असेल, तेव्हा अर्धा तास रेषेबाहेर उभे राहा. त्यांच्या जर्सीसाठी वर्गणी मागायला कुणी आलं, तर गणपतीला देता तितक्याच आनंदानं द्या. आठवड्यातल्या काही संध्याकाळी मैदान मुलींसाठी राखून ठेवा. आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या आधी मुलांच्या खेळाचा विषय घ्या.