एडिनबरोचा किल्ट : नाभीपासून गुडघ्यापर्यंत

एडिनबरोच्या किल्ल्यावरून उताराने चालत निघाले, की मैलभराने होलीरूडचा राजवाडा येतो. या रस्त्याला रॉयल माईल म्हणतात. दोन्ही बाजूंना काळवंडलेल्या उंच दगडी इमारती, मधूनमधून अरुंद बोळ आणि थोड्या थोड्या अंतरावर किल्टची दुकाने. आम्ही स्कॉटलंडला गेलो होतो ते ग्लासगोत राहणाऱ्या साडूंच्या मुलाच्या निकाहासाठी. मुलगा तिथेच जन्मलेला. वलीम्याला किल्टच घालणार, असा त्याचा हट्ट. त्याच्या दादीची हरकत किल्टला नव्हती, पण तिचा एक प्रश्न होता : "गुडघ्यांचं काय?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तासाभराचा रेल्वेप्रवास करून आम्ही सारे एडिनबरोला आलो.

दूरून पाहणाऱ्याला किल्ट म्हणजे चौकड्यांचा घागरा वाटतो. प्रत्यक्षात तो सुमारे आठ यार्ड, म्हणजे सात मीटरहून अधिक लोकरी कापडाचा असतो. समोर एकावर एक दोन सपाट पदर आणि मागे दाट चुण्या. आपण पँट कंबरेच्या खाली नेसतो. किल्ट मात्र नाभीच्या पातळीवर बांधतात आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीवर येते. नाभी ते गुडघा! दुकानदाराने हे माप सांगताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुरुषाच्या सतरची हद्द आपण मुलांना याच शब्दांत शिकवतो.

या मापात चूक झाली तर ती सहज सुधारत नाही, हे आम्हाला तिथे कळले. शाळेच्या फ्रॉकला खाली दुमड असते. मूल वाढले की आई ती उसवून फ्रॉक लांब करते. किल्टला दुमड नसते. साडीच्या काठासारखी कापडाची विणलेली किनारच खालची कड म्हणून ठेवतात, म्हणून चुण्या जड न होता मोकळ्या हलतात. त्यामुळे लांबवायला खाली काही उरत नाही आणि कमी करायचा तर वरचा कंबरपट्टा काढून पुन्हा शिवावा लागतो. हाताने किल्ट शिवायला काही आठवडे लागतात, म्हणून आम्ही भाड्याचा घ्यायचे ठरवले. त्यातही तेच. पट्टे आवळून कंबर जुळवता येते, लांबी जुळवता येत नाही.

माप घ्यायची पद्धत साधी आहे. बूट काढून ताठ उभे राहायचे आणि नजर समोर ठेवायची. फीत दुसऱ्याने धरायची, कारण स्वतः खाली वाकून पाहिले की माप बदलते. पोट सुटलेले पुरुष किल्ट पोटाखाली बांधतात. मग पुढची कड लोंबते आणि माणूस बुटका दिसतो. कड वाटीच्या बरीच वर गेली तर शाळकरी मुलीचा स्कर्ट वाटतो. उंच मोजे गुडघ्याखाली तीन बोटांवर संपले, की पाय लांब आणि सुबक दिसतात.

आखूड किल्टची किंमत राजालाही मोजावी लागली आहे. हायलँडच्या पोशाखावर 1746 च्या कायद्याने बंदी आली होती, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. त्या भेटीचा थाट लेखक वॉल्टर स्कॉट यांनी मांडला होता. राजाने किल्ट घातला, पण तो फार आखूड होता आणि खाली अंगाच्या रंगाचे तंग मोजे होते. व्यंगचित्रकारांनी त्याची भरपूर टिंगल केली. डेव्हिड विल्की यांनी नंतर राजाचे चित्र काढले, त्यात मात्र किल्ट नीट लांब दाखवला आणि ते मोजे गाळून टाकले!

दुकानदाराने मुलाला गुडघ्यांवर ताठ उभे राहायला सांगितले. कड जमिनीपासून इंचभर वर राहिली, तर लांबी बरोबर. तसेच झाले. दादी मात्र खुर्चीवरून उठली. "आता रुकूत जा," ती म्हणाली. मागची कड वर सरकली. "आता तशह्हुदला बस." पुढचा पदर गुडघ्यांवरून मागे गेला. दादीने मान हलवली. दुकानदार हे सारे कुतूहलाने पाहत होता. त्याने न बोलता इंचभर लांब किल्ट आणून दिला. त्याची कड वाटीच्या खालच्या टोकाला आली. याहून खाली गेलात तर ढब बिघडेल, असे त्याने बजावले.

आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे नाभी आणि गुडघा यांच्या मधला भाग सतर मानतात. हनफी मसलकात गुडघाही त्यात येतो. मुलाचे ग्लासगोतले बरेच मित्र हनफी, त्यामुळे हा विषय त्यांच्यात चांगलाच रंगला. उभे असताना वाटी झाकणारा किल्टसुद्धा बसल्यावर वर सरकतो, हे तर दादीने दाखवूनच दिले होते. अखेर ठरले ते असे : वलीम्याला लांब किल्ट, आत गुडघ्याखाली येणारी तंग विजार आणि नमाजच्या वेळी वरून सलवार. मुलाचा हट्ट राहिला, दादीचेही समाधान झाले.

कापडाच्या नक्षीला टार्टन म्हणतात. 2012 मध्ये स्कॉटलंडमध्ये इस्लामी टार्टनही तयार झाले आहे. त्यात स्कॉटलंडच्या झेंड्याचा निळा रंग आणि हिरवा रंग आहे, पाच अरकानांसाठी पाच पांढऱ्या रेषा आहेत आणि ईमानच्या सहा बाबींसाठी सहा सोनेरी रेषा.

आपली मुले शिकायला, नोकरीला तिकडे जातात. लग्नाच्या, पदवीदानाच्या निमित्ताने किल्ट भाड्याने घेतात. त्यांना एवढे जरूर सांगा : रंग नंतर निवडा, आधी लांबी पाहा. उभे राहून पाहा, खुर्चीवर बसून पाहा, जिना चढून पाहा. आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस सोबत न्या. आरशात मागची बाजू दिसत नाही.